पहिलाच डेस्कटॉप घरी जोडायचाय, यादी तपासून द्याल का? (सांगली)

यार्डातला_पोरगा (सांगली)

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागला राहतो. काकांचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे आणि दोन वर्षांपासून एडिटिंग माझ्याकडे आहे. आत्तापर्यंत काकांच्या जुन्या लॅपटॉपवर भागवलं. आता टाइमलाइन पुढं सरकवली की चित्र अडकत अडकत येतं, आवाज पुढं पळतो. धाकटी बहीण सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिचं ऑटोकॅड आणि रेव्हिट. बाबांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, रात्री टॅली. तिघांचं काम एकाच मशीनवर करायचं आहे. बजेट साठ हजार, मॉनिटर घरातलाच जुना वापरणार.

आठवडाभर व्हिडिओ बघून यादी केली:

प्रोसेसर रायझन ५ ५६००. मदरबोर्ड बी४५०, इथल्या एका दुकानात जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय. रॅम डीडीआर५ १६ जीबीची एक काडी, ५६०० स्पीडची. प्रोसेसरही ५६०० आहे म्हणून तीच घेतली. एम.२ एसएसडी ५०० जीबी. कॅबिनेट एसएमपीएससकट (आतला वीज पुरवणारा डबा), त्यावर ४५० वॅट लिहिलंय. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी.

हे सगळं एकमेकांना बसेल का? रविवारी पैसे द्यायचेत.

मिरज_जंक्शन (मिरज)

भावा, रविवारी पैसे देऊ नकोस. या यादीतलं मशीन चालू होणार नाही.

पहिलं रॅमचं. प्रोसेसरच्या नावातला ५६०० हा फक्त मॉडेलचा नंबर आहे, रॅमचा ५६०० हा तिचा वेग. दोघांचा काही संबंध नाही. रायझन ५००० मालिका एएम४ सॉकेटची (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) आहे आणि एएम४ ला डीडीआर४ च लागते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही काड्यांना पिना २८८ च असतात, लांबीही तेवढीच, त्यामुळं दुकानात फरक दिसत नाही. पण खालची खाच वेगळ्या जागी असते. काडी बसत नाही म्हणून जोर लावशील आणि स्लॉट चिरेल. रॅम नीट बसायला थोडा दाब लागतोच, म्हणून पहिल्यांदा जोडणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळत नाही. आधी खाच जुळवून बघायची, मगच दाब द्यायचा.

दुसरं, ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. बोर्डाच्या मागं एचडीएमआयचं तोंड दिसेल, पण त्या तोंडाला चित्र प्रोसेसरकडून येतं. कार्ड पुढच्या वर्षी घेणार म्हणजे वर्षभर स्क्रीन काळी. ग्राफिक्स हवं असेल तर ५६०० जी, नावात 'जी' असलेला. इंटेलकडं उलटं आहे, तिथं नावाशेवटी 'एफ' असेल तर ग्राफिक्स नाही.

तिसरं, बी४५० बोर्ड २०१८ चा आणि रायझन ५००० आले २०२० च्या शेवटी. दुकानात तेव्हापासून पडून असलेल्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखताच येणार नाही, आधी बायोस (बोर्डाच्या चिपमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागेल. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी असते. तुझ्या प्रोसेसरसमोर बायोसची कितवी आवृत्ती लिहिली आहे ते बघ आणि खोक्यावरच्या स्टिकरशी ताडून बघ. कुठल्याही व्हिडिओपेक्षा ते एक पान जास्त खरं बोलतं.

अजिंक्यतारा (सातारा)

बायोसच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. मी पहिलं मशीन जोडलं तेव्हा चौदाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि बी६६० बोर्ड घेतला. सॉकेट तोच, एलजीए १७००, प्रोसेसर बसलाही अगदी छान. पंखे फिरतात, दिवे लागतात, चित्र नाही. दोन दिवस मी रॅमलाच दोष देत बसलो. ६०० मालिकेचे बोर्ड बाराव्या पिढीबरोबर आलेले, पुढच्या पिढ्यांना नवीन बायोस लागतं हे मला माहीतच नव्हतं. सुदैवानं बोर्डाच्या मागं फ्लॅशबॅकचं बटण होतं. प्रोसेसर चालत नसला तरी नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस भरता येतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून, फाइलचं नाव कंपनी सांगते तेच ठेवून, ठरलेल्या यूएसबीच्या तोंडात लावायचा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

बोर्ड घेताना हे बटण आहे का, एवढं तरी विचाराच.

माझं मत: आता एएम४ घेऊ नका. एएम५ सॉकेट २०२२ ला आलंय आणि रायझन बनवणाऱ्या एएमडीनं किमान २०२७ पर्यंत ते चालू ठेवण्याचं सांगितलंय. आज रायझन ५ ७६०० घ्या, चार वर्षांनी त्याच बोर्डावर नुसता प्रोसेसर बदला. त्यात कामापुरतं ग्राफिक्सही आहे आणि खोक्यात पंखा येतो.

वारणेची_लेक (इस्लामपूर)

दादा, यादीवर बोलण्याआधी एक प्रश्न. काकांचा कॅमेरा व्हिडिओ कशात घेतो? मेनूत ४:२:० की ४:२:२, आठ बिट की दहा बिट (रंगाची माहिती किती साठवतो ते), आणि एच.२६४ की एच.२६५ (फाइल आवळायची पद्धत) ते बघून सांगा. मी घरांचे नकाशे करते, पण माझे मिस्टर लग्नाचे व्हिडिओ करतात आणि आमचं मशीन याच एका गोष्टीवर ठरलं होतं.

यार्डातला_पोरगा

ताई, आत्ताच स्टुडिओत जाऊन बघितलं. नवीन कॅमेरा ४:२:२ दहा बिटवर लावलेला आहे, एच.२६५. जुन्या कॅमेऱ्याचं फुटेज लॅपटॉपवर नीट चालायचं. नव्याचं आल्यापासूनच अडकायला लागलंय.

वारणेची_लेक

मग तुमचं उत्तर तिथंच आहे. एच.२६५ ची फाइल उघडायलाच प्रोसेसरला फार कष्ट पडतात, म्हणून ते काम ग्राफिक्समधल्या वेगळ्या भागाकडं देतात. पण ४:२:२ दहा बिट हा प्रकार सगळ्यांना उलगडता येत नाही. ७६०० मधल्या ग्राफिक्सला येत नाही. एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांनाही येत नाही, ५० मालिकेत आलं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र अकराव्या पिढीपासून येतं. म्हणजे बाराव्या पिढीचा साधा आय५-१२४००, एफ नसलेला, हे काम महागड्या कार्डापेक्षा सहज करतो. प्रीमिअरसारखं सॉफ्टवेअर तो भाग आपोआप वापरतं. फक्त काकांना सांगा, कॅमेरा एच.२६५ वरच ठेवा. एच.२६४ मध्ये ४:२:२ घेतलं तर बाराव्या पिढीचाही उपयोग होत नाही.

तुमची अडचण 'प्रोसेसर जुना झाला' एवढी मोठी नसेलही. कॅमेऱ्याची फाइल आणि मशीन यांचं जमत नाहीये. पार्ट एकमेकांना जुळतात का हे सगळे बघतात, ते आपल्या कामाला जुळतात का हे खरेदी झाल्यावर कळतं.

बहिणीसाठी: ऑटोकॅडच्या साध्या नकाशाला एका कोअरचा वेग लागतो, बारा कोअर घेऊन फरक पडत नाही. रेव्हिट मात्र रॅम खातं. १६ जीबीवर कॉलेजचं काम होईल, पण १६ ची एक काडी घेऊ नका. ८-८ च्या दोन घ्या. बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर १६-१६ च्या दोन घेतलेल्या सगळ्यात बऱ्या. काड्या जोडीनं असल्या की रॅमचा रस्ता दुपदरी होतो. कार्ड नसताना ग्राफिक्ससुद्धा याच रॅममधून खातं, म्हणून फरक जास्तच दिसतो.

अजिंक्यतारा

ताईंचा मुद्दा पटला, कॅमेऱ्याचं मला माहीत नव्हतं. तरी नोंद म्हणून सांगतो, एलजीए १७०० चा रस्ता चौदाव्या पिढीशी संपतो. त्यापुढचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे प्रोसेसर एलजीए १८५१ वर गेले. शिवाय तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळं झिजण्याचा दोष २०२४ मध्ये उघड झाला होता. इंटेलनं बायोसमधून दुरुस्ती दिली. बाराव्या पिढीला तो त्रास नाही. पुढं कधी वापरलेला आय७ घ्याल तर आधी बायोस नवीन करा, मग प्रोसेसर बसवा.

मिरज_जंक्शन

सातारकरांचं भविष्याचं गणित बरोबर आहे, पण साठ हजारात आजचं काम भागवायचंय. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, डीडीआर४ चेसुद्धा. माझं मत १२४००, बी७६० बोर्ड आणि डीडीआर४. ओळखीत कुणाकडं डीडीआर४ च्या चांगल्या काड्या पडून असतील तर तेवढे पैसे वाचतील.

इथं एक मेख आहे. बी७६० बोर्ड डीडीआर४ चेही आहेत आणि डीडीआर५ चेही. कधी कधी नाव अगदी तेच आणि शेवटी फक्त 'डी४' एवढाच फरक. पुण्याहून मागवणार असशील तर फोनवर पूर्ण नाव अक्षर अक्षर वाचून घे. माझ्या मित्राला चुकीचा बोर्ड आला. परत पाठवायला आणि दुसरा यायला बारा दिवस गेले, आणि वेष्टन फोडलं म्हणून दुकानदारानं आधी नाहीच म्हटलेलं.

कुपवाडचा_फिटर (कुपवाड)

मी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. आत्तापर्यंत कुणी भिंतीकडं बघितलं नाही म्हणून लिहितो.

कॅबिनेटबरोबर येणारा '४५० वॅट'चा एसएमपीएस घेऊ नका. मोठ्या अक्षरातला आकडा सोडा, बाजूच्या पट्टीवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर जगतात. मी असे स्वस्तातले उघडून बघितलेत, पट्टीवर १८ अँपिअर असतात. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट कागदावरच. नावाजलेल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या ब्रॉन्झ सप्लायला तिथं ४३-४५ अँपिअर असतात, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर.

तुमचा हिशोब करू. १२४०० चं नाव ६५ वॅटचं असलं तरी जोरात चालताना तो ११७ पर्यंत जातो. पुढच्या वर्षी आरटीएक्स ४०६० घेतलंत तर ते ११५. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी यांना पन्नास धरा. २८२ झाले. ५५० चा सप्लाय निम्म्यावर चालेल, तापणार नाही, उन्हाळ्यात पंखा बोंबलणार नाही. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच इतकी तापलेली असते की काठावरचा सप्लाय तिथंच मान टाकतो.

यूपीएस आहे का घरात? कितीचा? आणि भिंतीतल्या ज्या स्विचबोर्डावर मशीन लावणार तिथं अर्थिंग खरंच आहे का? तीन भोकांचा सॉकेट दिसतो म्हणून आहे असं समजू नका.

यार्डातला_पोरगा

दादा, ६०० व्हीएचा यूपीएस आहे. इन्व्हर्टरही आहे, सगळ्या घराला. अर्थिंगचं माहीत नाही, पण जुन्या लॅपटॉपचं चार्जर लावलं की पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. सगळ्यांकडं येतात ना?

कुपवाडचा_फिटर

नाही, सगळ्यांकडं येत नाहीत, आणि येऊ नयेत.

सप्लायच्या आत खरखर गाळायला कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब येऊन थांबतो, म्हणजे २३० चे साधारण ११५ व्होल्ट. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच पत्र्याला तुम्ही यूएसबी, एचडीएमआय, हार्डडिस्क जोडणार. कार्डरीडर आणि कॅमेऱ्याचे पोर्ट असेच जातात, आणि खराब झाले की दोष बोर्डाला जातो.

वायरमनला बोलवा. स्वतः मीटर घालू नका. तीन आकडे मागा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळजवळ सारखे हवेत आणि तिसरा पाचाच्या आत.

यूपीएस: ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. आत्ता कार्ड नाही तोवर निवांत. कार्ड आल्यावर मॉनिटर धरून तीनशेच्या वर जाऊ शकतं, तेव्हा बॅटरी सेव्ह करून बंद करण्यापुरतीच आहे असं समजा. इन्व्हर्टरवर मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्या बाजूला हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला उशीर लागतो. संगणकाचा सप्लाय फार तर १६-१७ मिलीसेकंद दम धरतो.

गावभाग_४१६४१६ (सांगली)

वाचत होतो, दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. माझा हळदीच्या पेढीतला संगणक दर हंगामाला मी स्वतः उघडतो. यार्डात हवेत जी पिवळी धूळ असते ती पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटीत नमद्यासारखी बसते, आणि ती तेलकट असल्यानं नुसत्या फुंकरीनं जात नाही. हे मशीन घरी असलं तरी बाबांच्या कपड्यांवरून येईलच. पुढं काढता येणारी जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. जाळी पाण्याखाली धुवा आणि पूर्ण वाळवून लावा.

दुसरी. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचं सगळं गेलं, मशीन टेबलाखाली होतं. पाणी उतरल्यावर दोन दिवस उन्हात ठेवून मी ते चालू केलं. एसएमपीएस तर गेलाच, हार्डडिस्कही गेली, आणि तिच्यावर पेढीचे पाच वर्षांचे हिशोब होते. डिस्क न लावता तशीच बाजूला ठेवली असती तर काढता आलं असतं, असं नंतर एका जाणकारानं सांगितलं. विश्रामबाग उंचावर आहे, तरी लग्नांचं फुटेज दुसऱ्या डिस्कवर आणि दुसऱ्या घरात ठेवा. ती माणसं परत लग्न करणार नाहीत.

यार्डातला_पोरगा

हे वाचून काकांना लगेच दाखवलं. आजच एक पोर्टेबल डिस्क आणायची ठरली.

नवीन यादी: आय५-१२४००, बी७६० एम डीडीआर४ बोर्ड, १६-१६ च्या दोन काड्या ३२०० च्या, एनव्हीएमई एसएसडी १ टीबी, ५५० वॅट ब्रॉन्झ, जाळीचं कॅबिनेट. कार्ड नंतर. बजेट तीन-चार हजारांनी वर जातंय, ते काका देणार आहेत.

उरलेले प्रश्न: जुन्या मॉनिटरला फक्त निळं व्हीजीए आहे, चालेल का? एम.२ मध्ये काही बघायचं असतं का? आणि एम म्हणजे छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसेल?

मिरज_जंक्शन

आता ही यादी बसते.

व्हीजीए: बऱ्याच बी७६० बोर्डांना मागं व्हीजीए असतं, १२४०० ला ग्राफिक्स असल्यानं ते चालेल. पण कार्ड घेशील तेव्हा त्याला व्हीजीए नसणार. तेव्हा एचडीएमआय-टू-व्हीजीए कनव्हर्टर लागेल. नुसती दोन टोकांची वायर चालत नाही, कारण एक डिजिटल आणि दुसरं ॲनालॉग. आणि व्हिडिओचे रंग करायचे तर पुढचे पैसे कार्डाआधी मॉनिटरवर घाल, हे मी मनापासून सांगतो.

एम.२ हा फक्त आकार आहे, २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० लांब. आत साटा (जुनी, हळू जोडणी) असू शकतं किंवा एनव्हीएमई (नवी, वेगवान). बोर्डाचा स्लॉट कुठलं घेतो ते मॅन्युअलमध्ये बघ. काही बोर्डांवर एम.२ लावलं की एखादा साटा पोर्ट बंद होतो, तेही तिथंच लिहिलेलं असतं.

छोटा बोर्ड मोठ्यात बसतो. मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ मिमी, पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४. कॅबिनेटमध्ये पितळी टेकू असतात. बोर्डाच्या जिथं भोक आहे तिथंच टेकू ठेव, जादाचा काढून टाक. तो बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट होतो. पुढच्या कार्डासाठी कॅबिनेटला किती लांबीचं कार्ड चालतं तो मिलीमीटरचा आकडा बिलावर लिहून ठेव.

इंटेलच्या पिना आता बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, ढकलायचा नाही. काळं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेव, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते मागतात. प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल घे आणि सिरियल नंबर त्यावर लिहून माग.

यार्डातला_पोरगा (अकरा दिवसांनी)

जोडलं! बहिणीनं मॅन्युअल वाचलं, मी हात चालवला. पहिल्यांदा चित्रच आलं नाही, पंखे फिरत होते. बोर्डावर रॅमचा छोटा दिवा पेटलेला होता. काडी एका बाजूनंच अडकली होती. दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये परत घातल्या, दोन्ही टोकांना टक् वाजेपर्यंत दाबल्या, आणि चित्र आलं. आईला हाक मारून दाखवलं.

काल रात्री एका हळदीच्या कार्यक्रमाचं ४:२:२ फुटेज टाइमलाइनवर टाकलं. अजिबात अडकलं नाही. बहिणीचं रेव्हिटही मोकळं चालतंय. फक्त टास्क मॅनेजरमध्ये रॅम २६६६ दाखवतेय. मी ३२०० ची घेतली होती, फसवलं का?

अजिंक्यतारा

अभिनंदन! फसवलेलं नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू करा, ३२०० दिसेल. आणि पुढं कार्ड लावाल तेव्हा बायोसमध्ये प्रोसेसरचं ग्राफिक्सही चालू राहू द्या. काही बोर्ड ते आपोआप बंद करतात, मग ४:२:२ परत अडकायला लागेल.

कुपवाडचा_फिटर

अर्थिंगचे आकडे?

यार्डातला_पोरगा

दादा, वायरमन काल येऊन गेला. पहिल्यांदा न्यूट्रल-अर्थ ३८ आला. सॉकेट उघडला तर हिरवी वायर आत नुसतीच लोंबत होती, कुठं जोडलेलीच नव्हती. जोडल्यावर फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ २. एक्सएमपी चालू केलं, ३२०० दाखवतंय. लॅपटॉपच्या झिणझिण्याही गेल्या. घरातले बाकीचे चार सॉकेट शनिवारी उघडून घेतोय.